गुडघा बांधून धबधब्याकडे

तीर्थरूप दाजी यांना,

धाकट्या मेहुणीचा नमस्कार. (वाकून केला आहे असं धरून चला. खरंच वाकले तर परत सरळ व्हायची खात्री नाही, कंबर धरली आहे, का धरली ते पुढे येईलच.) तुमचा खोकला, तुमच्या कुंड्यांतली झाडं आणि तुमच्या दुकानाशेजारचा तो भांडखोर चष्मेवाला, तिघांची तब्येत कशी आहे? पहिली दोन बरी असावीत अशी इच्छा आहे. तिसऱ्याचं काय व्हायचं ते होवो. मी बरी आहे. माझं अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाचून बघा, डोळ्यांना नाही कळलं तरी तोंडाला कळतं. चौथीनंतर मला कोणी वही दिली नाही आणि मीही मागितली नाही.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर धाडते आहे, कारण घरी आलं तर अक्का आधी फोडणार. आणि घरी फोन केला असता, पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे. लाँड्रीत एवढी वर्षं मशीनवर ओरडून ओरडून गळा असा झाला आहे की मी हळू बोलले तरी तुम्ही फोन कानापासून हातभर लांब धरता, आणि मग पलीकडे खुर्चीत बसलेल्या अक्काला सगळं ऐकू जातं. दुकानात केला तर गिऱ्हाईक आलं की तुम्ही अर्ध्यावर ठेवता. म्हणून हे लिहिणं आलं. एकदा लिहायला बसले की मी आटोपशीर लिहीत नाही, तेव्हा गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा.

मुद्दा असा, की येत्या रविवारी मी अक्काला जंगलातल्या धबधब्यावर नेणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. तुम्ही नको म्हणालात हे मला अक्काने परवा फोनवर सांगितलं. "ते नको म्हणतात गं, माझा काय इलाज," असं म्हणाली, आणि आवाज एवढासा केला. दाजी, तुम्ही घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेलं घड्याळ काचेच्या कपाटात ठेवून ते चालायला लागतं का? अक्का न्हाणीघरात घसरली, पाय मोडला, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, हाड जुळलं, आणि तरी बाई खिडकीजवळच्या त्या खुर्चीतून उठत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या त्या मुलीने तुमच्यासमोरच सांगितलं ना, की आता चालली नाही तर गुडघा कायमचा आखडेल, मग काठीच घेऊन बसा? सपाट फरशीवर सैपाकघरापर्यंत जाते आणि येते, तेही भिंतीला हात लावून. आमची अक्का, जी भिंतीला हात लावायची ती फक्त ओलांडायच्या आधी.

आणि धबधबाच का, असं विचाराल. दवाखान्यात तिच्या पलंगासमोर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर धबधब्याचं चित्र. महिना बदलला तरी कोणी पान उलटलं नाही. ती पडल्या पडल्या तेच बघत होती. एक दिवस मला म्हणाली, पाय बरा झाला की असल्या ठिकाणी जायचं, जिथे एकही माणूस येऊन "आता कसं वाटतंय" विचारणार नाही. (त्या दिवशी सकाळपासून सगळी चाळ येऊन विचारून गेली होती, मीसुद्धा दोनदा.) तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट आहे. एरवी ती मागत नाही, हिसकावून घेते. तेव्हा मी ठरवलं, आणि मी ठरवलं की काय होतं ते आमच्या घरच्यांना विचारा.

ठिकाण आमच्या व्हॅनवाल्याने सांगितलं. हा दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या मळक्या चादरी आणून टाकतो आणि धुतलेल्या घेऊन जातो, त्यामुळे सगळे रस्ते त्याला पाठ. म्हणाला, जंगलाच्या नाक्यापर्यंत गाडी जाते, पुढे पायवाट, धबधबा लहानच पण तिथे कुत्रंही फिरकत नाही. मला हेच पाहिजे होतं. पण ऐकीव गोष्टीवर मी अक्काला नेणार नाही, एवढी मूर्ख मी नाही. म्हणून गेल्या रविवारी आधी तालीम करून आले. बरोबर आमची मुकादमीण आणि शिडी. (शिडी म्हणजे माझ्याबरोबर रोलरवर काम करते ती उंच बाई. तिला खरं नाव आहे, पण ते घेतलं तर ती स्वतःच वळून बघत नाही.)

आता तालीम म्हणजे तालीम. माझे पाय धडधाकट, मी चढून गेले तर त्यात अक्काला काय कळणार? म्हणून नाक्यावर उतरल्या उतरल्या मी डाव्या गुडघ्याभोवती टॉवेलाची जाड घडी गुंडाळली आणि शिडीला सांगितलं, वरून जुना अभ्रा आवळून बांध, गुडघा वाकता कामा नये. तिने बांधला तो आमच्या गाठोड्याच्या गाठीने. ही गाठ आम्ही मळक्या कपड्यांच्या गाठोड्याला मारतो, ओढावी तेवढी घट्ट होते, आणि सोडवायला लाँड्रीत लोखंडी आकडा असतो. आकडा अर्थातच लाँड्रीत होता. हे तेव्हा आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

नाक्यावर पाटी होती, त्यावर वाटेची जात लिहिलेली: मध्यम. मी पहारेकऱ्याला विचारलं, मध्यम म्हणजे कोणासाठी मध्यम, हरणासाठी की माझ्यासाठी? त्याने माझ्या पायाकडे बघितलं, विचार केला आणि म्हणाला, "सोपी असली की लोक परत येताना गाणी म्हणतात. अवघड असली की रडतात. मध्यम म्हणजे गप्प येतात." मला पटलं. मग म्हणाला, बाई, तुमचा हा पाय असा असताना कशाला जाताय? मी म्हटलं, माझा पाय चांगला आहे, हा माझ्या बहिणीचा पाय आहे. मग त्याने मुकादमिणीला बाजूला घेऊन पुढे फाटा लागेल तिथे कुठे वळायचं ते हळूच सांगितलं, आणि आम्हाला ऐकू जाईल असं एवढंच, की आत आवाज करू नका, पक्षी अंड्यावर बसलेत, तुमच्या तिघींचं बोलणं मला गाडी दिसायच्या आधी ऐकू आलं होतं.

म्हणून आम्ही खुणांवर आलो. तेही आम्हाला नवीन नाही, लाँड्रीत मशीन सुरू असलं की ओरडूनही भागत नाही, मग हातच बोलतात. ते कसं ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मोठा गरम रोलर असतो, त्याच्या एका अंगाने दोघी ओली चादर आत घालतात आणि पलीकडच्या अंगाने दोघी ती सुकलेली ओढून घेतात. म्हणजे आम्ही कायम समोरासमोर. आता चादर समोरचीच्या डावीकडे सरकवायची असली तर मी माझा उजवा हात वर करते, कारण माझं उजवं ते तिचं डावं. हे आमच्या अंगात इतकं मुरलं आहे की घरातही मला कोणी उजवीकडचा डबा दे म्हटलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते, की हा माझ्या समोर आहे की बाजूला.

तर मुकादमीण पुढे, काठी घेऊन. मी मागे, एक पाय टाकीत आणि दुसरा ओढीत. शिडी माझ्या मागे, मी गडगडले तर अडवायला. वाट खरंच चांगली आहे दाजी, रुंद आहे, चढ अंगावर येत नाही, मध्ये मध्ये बसायला सपाट दगड आहेत. प्रत्येक दगडावर मी बसून बघितलं. एक हलतो, त्यावर मी खडूने फुली मारली आहे. पण माझ्या त्या पायामुळे मुकादमीण फार पुढे गेली. फाट्यापाशी ती पोचली तेव्हा आम्हाला तिची फक्त पाठ दिसत होती. तिने उजवा हात वर केला, जरा हलवला, आणि झाडीत दिसेनाशी झाली.

आता फाट्यावर मी आणि शिडी उभ्या. उजवा हात म्हणजे आमच्या भाषेत डावीकडे. पण तो समोर तोंड असताना. तिची तर आमच्याकडे पाठ होती. मग पाठ फिरली की हातही फिरतो का? शिडीने खुणेने सांगितलं, मुकादमीण म्हणजे मुकादमीण, तिचा हात जसा रोज तसाच, डावीकडे चल. मी खुणेने सांगितलं, अगं, तिची पाठ आहे, उजवं ते उजवंच. शिडीने खुणेने मला अक्कल नाही असं सांगितलं. (ही खूण आमच्याकडे कामाची नाही, पण रोज लागते.) आम्ही दोघी त्या शांत जंगलात एकमेकींसमोर हातवारे करत किती वेळ उभ्या होतो देव जाणे, एक खार झाडावरून अर्धी उतरून बघत राहिली. शेवटी मी माझं खरं केलं आणि उजवीकडे वळले. पाय बांधलेल्या बाईशी कोणी वाद घालत नाही, हा त्याचा एक फायदा.

थोडं गेलो आणि पाण्याचा आवाज आला. झाडांच्या फटीतून पाणी पडताना दिसलं, उंचावरून, खाली हिरवंगार, गार तुषार अंगावर. शिडीने माझा हात धरला. आम्ही एका ओट्यावर बसलो आणि बघत राहिलो. शिडी कानात म्हणाली, चित्रात मोठा दिसतो. मी म्हटलं, चित्रात सगळंच मोठं दिसतं. पण मला आतून वाईट वाटलं, अक्काला एवढं चालवत आणून हे दाखवायचं का. तरी डबा उघडला, उकडलेली अंडी खाल्ली, हात त्याच पाण्यात धुतले. तेवढ्यात मागून एक माळी आला आणि विचारतो कसा, तुम्ही पाइप बघायला आलात का, टाकी दोन दिवस वाहते आहे, कोणी येत नाही. वर बघितलं तर खरंच टाकी. रोपवाटिकेची. आम्ही फुटक्या पाइपासमोर बसून जेवलो होतो. शिडी हसायला लागली ती थांबेना, पक्षी अंड्यावरून उठले असतील तर त्याचं पाप तिच्या डोक्यावर.

माळी बिचारा भला. पाइप आम्ही दुरुस्त करणार नाही म्हटल्यावर त्याचं तोंड उतरलं, पण आम्हाला परत फाट्याला आणून डाव्या वाटेने घेऊन गेला. तिकडे मुकादमीण धबधब्यासमोर सपाट खडकावर तोंडावर पदर घेऊन गाढ झोपलेली. उठवून विचारलं, हात कशाला वर केला होतास? म्हणाली, कोळ्याचं जाळं होतं, बाजूला केलं. म्हणजे ती आम्हाला काही सांगतच नव्हती. मुकादमिणीने नुसता हात हलवला तरी आम्ही कामाला लागतो. वीस माणसांच्या लाँड्रीत तिला मुकादमीण का केलं ते मला त्या दिवशी कळलं.

धबधब्याच्या अलीकडे एक ओढा आहे. पाणी घोट्याएवढंच, पण त्यातले दगड गोल आणि बुळबुळीत, आणि न्हाणीघरात पडलेल्या माणसाला ओला दगड दाखवणं म्हणजे काय ते मला कळतं. मी ताठ पायाने ओलांडायला गेले आणि मध्येच पाण्यात बसले. पडले नाही, बसले. जोरात बसले एवढंच. (कंबर ती हीच.) अभ्रा भिजला आणि गाठ अशी आवळली की मुकादमिणीने दातांनी ओढून बघितली, शेवटी माळ्याने फांद्या छाटायच्या कात्रीने कापली. पण दाजी, पाण्यात बसल्या बसल्याच मला उपाय सुचला. लाँड्रीतली एक बाद चादर आणली होती बसायला. शिडी अलीकडच्या काठाला उभी राहिली, मुकादमीण पलीकडच्या, चादर पीळ देऊन दोघींनी ताणून धरली, की झाला कठडा. चादर ताणून धरणं हे आमचं रोजचं काम, त्यात आमचा हात कोणी धरणार नाही. आणि दोघी समोरासमोर आल्या तशा खुणाही पुन्हा बरोबर लागल्या. मी तो कठडा धरून चार वेळा गेले आले, एकदा डोळे मिटून. अक्का तिथे पडूच शकत नाही. पडायचं म्हटलं तरी जमणार नाही.

आणि धबधबा. लिहिता येत नाही मला नीट. फार उंच नाही. पाणी काळ्या खडकावरून घसरत येतं, आदळत नाही, रोलरमधून चादर निघते ना तसं, पसरून, न थांबता, आणि आवाज एवढाच की बोलावंसं वाटत नाही. मी तिथे गप्प बसले होते, खरंच. शिडीला विचारा. कोणी येऊन काही विचारलं नाही. अक्काला हेच पाहिजे होतं. कॅलेंडरवाल्याला ते जमलं नसतं.

तर आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं अंगावर घेऊन बघितलं, बसायचे दगड ठरले, हलणारा दगड ठरला, कोणती वाट नाही ते ठरलं, ओढ्याचा बंदोबस्त झाला, व्हॅनमध्ये मागे गाठोड्यांच्या जागी गादी घालायचं ठरलं. यावर तुमचं "नको" कुठे बसतं? माया करणं वेगळं आणि माणसाला कापसात गुंडाळून ठेवणं वेगळं. तुम्ही तिला पाण्याचा पेला हातात देता, चपला पायाशी आणता, हे लोकांना फार गोड दिसत असेल, मला दिसत नाही. मोठ्या माणसाला बोलू नये म्हणतात. मी बोलले. रविवारी सकाळी व्हॅन तुमच्या दारात येईल, अक्काला तयार ठेवा. राग आला तर घोटभर पाणी प्या आणि मग तयार ठेवा.

आपली नम्र (जेवढी जमते तेवढी),
धाकटी

ता. क. पत्र पाकिटात घातलं आणि तुमचा दुकानातून फोन आला. तुम्ही त्या तुमच्या बारीक आवाजात विचारलंत, की रविवारचा बेत तू का गं मोडलास, ती एवढी आशेने बसली होती. मी म्हटलं, मी कुठे मोडला, तुम्हीच नको म्हणालात. तुम्ही म्हणालात, मी तर रोज जा जा म्हणतो आहे, तिनेच सांगितलं की धाकटीला वेळ नाही. मग गिऱ्हाईक आलं आणि नेहमीसारखा तुम्ही फोन ठेवलात. तेव्हा वर तुम्हाला जे जे बोलले ते चुकीच्या माणसाला बोलले. मागे घेत नाही, परत सगळं लिहून काढायची माझ्यात ताकद नाही. दुसऱ्या कशाबद्दल तरी धरून घ्या, काहीतरी केलं असेलच.

ता. क. दुसरा. फोन ठेवल्यावर मी इस्त्री केलेल्या चादरींच्या ढिगावर बसून विचार केला. तुमचं नाव मला सांगते आणि माझं तुम्हाला, म्हणजे अक्का घाबरली आहे. हे वाक्य लिहून बघितलं, खरंच वाटेना, पण तसंच आहे. आता तिला "घाबरलीस का" विचारलं तर ती आपल्या दोघांना घराबाहेर काढेल आणि स्वतः खुर्चीतच राहील. लाडीगोडी लावली तर अजून बसेल. तिला उठवणारी एकच गोष्ट जगात आहे, तिला कोणीतरी नाही म्हटलं पाहिजे. वडील म्हणाले मुलींनी सायकल शिकायची नाही, त्याच आठवड्यात ती शिकली. वडील म्हणाले हा घड्याळजी नको, आणि तिने तुमच्याशी लग्न केलं. (वाईट वाटून घेऊ नका, नंतर आवडलात.) तेव्हा वरची सगळी विनंती रद्द. तिला पाठवू नका. शनिवारी जेवायला बसलात की मोठ्याने सांगा, "धाकटीचा फोन आला होता. तू जायचं नाहीस. तुला झेपणार नाही." एवढंच बोला. पुढे "असं मला आपलं वाटतं" जोडू नका, तुम्हाला ती खोड आहे. दुकान बंद करून आत आरशासमोर दोन दिवस म्हणून बघा. चष्मेवाल्याशी भांडून बघितलंत तर अजून बरं.

ता. क. तिसरा आणि खरंच शेवटचा. व्हॅन रविवारी ठरल्याप्रमाणे येईलच. ती दार आपटून खाली व्हॅनकडे निघेल तेव्हा स्वेटर घेऊन तिच्यामागे जिन्यावर धावू नका. धबधब्यावर गारठा असतो, मला माहीत आहे, स्वेटर आदल्या दिवशीच व्हॅनवाल्याच्या हाती माझ्याकडे पाठवा. आणि खिडकीत उभे राहू नका. ती रस्त्याच्या वळणावर मागे वळून बघते, आणि तुमच्या तोंडावरचा आनंद तुम्हाला या जन्मी लपवता यायचा नाही.